धुराचा कागद

आर्सेनियो तोमिनच्या जीपचं इंजिन सव्वीस वर्षांत एकदाही उघडावं लागलं नव्हतं. डोंगरातल्या बुगियास गावाहून बागियो शहराला जाणाऱ्या भाजीच्या रस्त्यावर हे कुणाला सांगितलं, तर तो आधी हसायचा, मग शपथ घालायचा आणि शेवटी स्वतःच्या इंजिनाला शिव्या द्यायचा. त्या रस्त्यावर इंजिनं टिकतच नाहीत. चढ असे, की टपावर कोबीची पोती आणि आत समोरासमोरच्या बाकांवर वीस माणसं घेतलेली लांब प्रवासी जीप दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाव काढत नाही. उतार असे, की टपावरच्या पिंपातून ब्रेकच्या ड्रमांवर पाणी सोडत सोडत खाली यावं लागतं. इतरांची इंजिनं तीन-चार वर्षांत धाप टाकायला लागायची. आर्सेनियोचं इंजिन तर जपानमधल्या कुठल्याशा मोडीत निघालेल्या टेंपोतून आलेलं, इथं पोचलं तेव्हाच म्हातारं होतं. तरीही कडाक्याच्या थंडीत दुसऱ्या चावीला घुर्र करून उठायचं.

यात जादूटोणा काही नव्हता. माणूस चिवट होता, झालं! तरुणपणी तांब्याच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये आठ वर्षं त्यानं डिझेल इंजिनांची सेवा केली होती, आणि तिथली शिस्त अंगात मुरली होती. पहाटे कॉफीच्या आधी बॉनेट उघडायचं. डिझेलच्या फिल्टरखालचा नट सैल करून रात्रीत साचलेलं पाणी काढून टाकायचं. ऑइलची पट्टी पांढऱ्या फडक्यावर पुसून रंग बघायचा, बोटांत चोळून बघायचा, हुंगायचा. रेडिएटर, पंख्याचा पट्टा, एअर फिल्टर. मग इंजिन चालू करून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून, डॉक्टर छाती तपासतो तसं, पाच मिनिटं ऐकायचं. चालू केल्या केल्या रेस करायचं नाही आणि चढ चढून आल्यावर लगेच बंद करायचं नाही, दोन मिनिटं श्वास घेऊ द्यायचा. ऑइल वेळेवर, नोझल वेळेवर आणि टायमिंग बेल्ट दर तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये, तो कितीही धडधाकट दिसो.

त्याची बायको अल्बिना म्हणायची, "म्हाताऱ्या, तुझ्या त्या डबड्याइतकं माझ्या गुडघ्याकडे बघितलं असतंस ना, तर मी आज डोंगर चढून चर्चला गेले असते!"

"तुझा गुडघा बोलतो. इंजिन बोलत नाही, म्हणून ऐकावं लागतं," आर्सेनियो म्हणायचा.

"माझा गुडघा बोलतो हे तरी कळलं म्हणायचं!"

आता लारियोबद्दल सांगायला हवं. लारियो पाक्सी, आर्सेनियोपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, स्टँडवरच्या त्याच रांगेत त्याच्या मागच्या नंबरावर जीप लावणारा. दोघांचं इंजिन एकाच जातीचं. माणूस वाईट नव्हता हो. हसरा, गाणारा, म्हाताऱ्या बायांची पोती स्वतः उचलून देणारा. पण इंजिनाच्या बाबतीत त्याचं एकच सूत्र होतं, "निघतंय ना? मग झालं!" दुसऱ्यांनी काढून टाकलेलं काळं ऑइल तो गाळून स्वतःच्या इंजिनात ओतायचा. पट्टी बघायचा ती फक्त दिवा लागल्यावर, आणि दिव्याची वायरही मग त्यानं काढून टाकली. दिसला की उगीच जिवाला घोर लागतो म्हणे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आर्सेनियो खाली निघाला होता. वळणावर धुक्यात लारियोची जीप उभी दिसली, बॉनेट वर केलेलं. आता त्या रस्त्याचा एक नियम आहे. वर केलेल्या बॉनेटपुढून जीपवाला जात नाही. थांबतो, उतरतो, आणि आपल्याजवळ जे असेल ते देतो. पाणी, नट, तार, जे असेल ते. देणारा मोजत नाही आणि घेणारा लाजत नाही. अपघात झाला, दरड कोसळली तर डोंगरात दुसरं कोण धावणार? आर्सेनियोनं जीप कडेला घेतली आणि आपल्या प्रवाशांना सांगितलं, "उतरा, पाय मोकळे करा."

"ओढतच नाही रे मनोंग," लारियो म्हणाला. त्या भागात थोरल्या भावाला मनोंग म्हणतात. "काळा धूर सोडतंय नुसता."

आर्सेनियोनं पुढचं कव्हर खोललं आणि त्याचा चेहराच उतरला. पुढच्या सीलमधून ऑइल गळून टायमिंग बेल्ट भिजलेला, फुगलेला. तीन दात गेलेले, एक घर सरकलेला.

"लारियो, हा बेल्ट कधी बदललास?"

"बेल्ट? तो बदलायचा असतो?"

"अरे कर्मा! अजून दोन वळणं गेला असतास ना, तर तुटला असता. तुटला की सगळे व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. इंजिन खलास! देवानंच थांबवलं तुला."

"देवानं नाही, चढानं," लारियो म्हणाला आणि प्रवासी हसले.

आर्सेनियोच्या सीटखाली नवा कोरा बेल्ट होता, पुठ्ठ्याच्या खोक्यात, पावडर लावून ठेवलेला. मार्चसाठी आणलेला. त्याचा हात क्षणभर खोक्यावर थांबला, खोटं कशाला बोला. पण लारियोच्या जीपमध्ये एक बाळंतीण बसली होती, टपावर दोन कुटुंबांची फरसबी होती आणि बॉनेट वर होतं. त्यानं खोकं फोडलं. अडीच तास रस्त्यावर पाठीवर झोपून त्यानं सील पुसलं, खुणा जुळवल्या, बेल्ट चढवला. लारियो पाने देत होता आणि गात होता.

"सोमवारी नवा आणून देतो मनोंग. आईशप्पथ!"

घरी अल्बिनानं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "शपथ कुणी घेतली? लारियोनं? मग आला तुझा बेल्ट!"

सोमवार आला आणि गेला. दुसरा गेला. लारियो लांबूनच हात हलवायचा, "दुकानवाला उद्या म्हणालाय मनोंग!" शेवटी आर्सेनियो स्वतः बागियोला जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत हिंडला. नऊ दुकानं पालथी घातली. त्या जातीच्या इंजिनाचा बेल्ट आता जपानहून भंगाराचा कंटेनर आला तरच, आणि कंटेनर एप्रिल संपता संपता. एका दुकानदारानं तर त्याचा हात धरून विचारलं, "अजून चालतं ते इंजिन? कुणाचं?"

"माझं," आर्सेनियो म्हणाला. पण त्या दिवशी त्यात अभिमान नव्हता.

कारण तोवर नोटीस लागली होती. जुन्या जीपांचे परवाने मार्चच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत नवे करून घ्यायचे. त्यासाठी धूर तपासल्याचा कागद हवा. शुक्रवारी कागद नसेल त्याचा नंबर रांगेतून गेला तो गेलाच. नव्या कायद्यात जुन्या जीपला परत परवाना नाही. एकसष्टाव्या वर्षी आर्सेनियोकडे ना शेत होतं ना दुसरा धंदा. होता तो रांगेतला सातवा नंबर.

बेल्टचं वय भरलं होतं. हळू चालवलं, लोड कमी घेतला, तर तो मे महिन्यापर्यंत सहज जाईल, हे आर्सेनियोला पक्कं ठाऊक होतं. पण धुराच्या तपासणीत हळू काही नसतं. तिथला माणूस सीटवर बसतो आणि पेडल तळाला लागेपर्यंत दाबतो. पुन्हा सोडतो, पुन्हा दाबतो, चार-पाच वेळा. सव्वीस वर्षांत आर्सेनियोनं त्या इंजिनाला असं एकदाही ओरडायला लावलं नव्हतं.

तो लारियोकडे गेला. लारियो अंगणात कोंबडी भाजत बसला होता.

"लारियो, माझा बेल्ट काढून दे. तपासणीपुरता. नंतर परत लावू तुझ्यात."

लारियोनं खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. "आणि तोवर माझी जीप उभी ठेवू? मनोंग, माझा जुना तर तूच दरीत फेकलास. तुझा जुना चालतोय की अजून! तुझं जुनं आमच्या नव्यापेक्षा चांगलं असतं, सगळी लाइन म्हणते." मग तो हसला, खिशात हात घातला आणि एक घडी केलेला कागद काढला. "आणि तपासणीला जातोच कशाला? हे बघ."

धुराचा कागद होता. शिक्का, सही, गाडीचा नंबर, आणि धुराचा आकडा इतका कमी, की नवीन गाडीलाही लाज वाटावी.

"तू खाली कधी गेलास?"

"मी कशाला जातोय? कागद वर आला! एक माणूस आहे, गाडीचा फोटो द्यायचा, झालं. सगळ्यांनी असंच केलंय. तुझंही सांगू का? आत्ता सांगतो."

अल्बिनानंही रात्रीच्या जेवणाला तेच म्हटलं. "घे तो कागद. सगळे घेतायत. तू एकटाच काय बिशप लागून गेलास?"

"माझं इंजिन खरं पास होतं, अल्बिना. ज्याचं होत नाही त्यानं विकत घ्यावा. सव्वीस वर्षं मी कशासाठी पहाटे उठलो? फोटो काढायला?"

"अरे, पण बेल्ट!"

"हळू दाबायला सांगेन त्या माणसाला."

"आणि तो ऐकेल! तुझ्या तोंडाकडे बघून!" अल्बिनानं ताट आपटलं. "सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही तुझा."

ती खरं बोलत होती, आणि मला विचाराल तर आर्सेनियोचं चुकलंच. नुसता प्रामाणिकपणा असता तर गोष्ट वेगळी. त्याला तो आकडा हवा होता, खरा आकडा, यंत्रानं काढलेला. लारियोच्या नाकासमोर धरायला. एवढ्या वर्षांत त्याच्या कामाला कुणी कधी आकडा दिला नव्हता. न बिघडलेल्या इंजिनाचं कौतुक करायला कोण थांबतं? बिघडलं की दहा जण जमतात.

गुरुवारी तो खाली गेला. इंजिन आदल्या दिवशी धुऊन पुसून ठेवलेलं. घाटभर त्यानं ते तिसऱ्या गिअरात असं आणलं, की मागच्या प्रवाशांना झोप लागली. तपासणी केंद्रात मोठं अंगण होतं आणि गाडी एकच, त्याची. खिडकीत मात्र कागदांचा गठ्ठा होता आणि एक मुलगी त्यावर शिक्के मारत होती.

तपासणारा तिशीतला, कानात इअरफोन. आर्सेनियो त्याला साहेब म्हणाला, स्वतःच्या पोराच्या वयाच्या माणसाला.

"साहेब, बेल्टची मुदत भरलीय. जरा हळू हळू चढवत नेता का? नाहीतर मी दाबतो, तुम्ही आकडा बघा."

"काका, नियमात बसत नाही. एका झटक्यात तळापर्यंत दाबायचं, नाहीतर मशीन आकडाच घेत नाही."

"मग बेल्ट आल्यावर येऊ? महिन्याभरानं?"

"या की. उद्या शेवटची तारीख आहे, एवढं लक्षात ठेवा."

आर्सेनियो बाजूला झाला. तपासणाऱ्यानं नळीचं टोक सायलेन्सरमध्ये खुपसलं, सीटवर बसला आणि पाय दाबला. इंजिन किंचाळलं. आर्सेनियोनं डोळे मिटले. धूर जवळजवळ नव्हताच. यंत्रावर आकडा आला, आणि तो पासच्या रेषेच्या कितीतरी खाली होता. तपासणाऱ्यानंही भुवया उचलल्या. "अरे वा, काका!" दुसऱ्यांदा दाबला, तसाच आकडा. आर्सेनियोच्या तोंडावर हसू येऊ लागलं होतं.

तिसऱ्यांदा दाबला तेव्हा आतून फट्ट झालं. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा खडखडाट, अर्धा क्षण, आणि मग काहीच नाही.

तपासणाऱ्यानं दोनदा सेल्फ मारून बघितला. "नको मारूस!" आर्सेनियो ओरडला. साहेब वगैरे विसरला तो. "नको रे मारूस, मेलंय ते!"

तो बॉनेट न उघडताच पायरीवर बसला. उघडून काय बघायचं होतं? व्हॉल्व्ह वाकले होते, हेड गेलं होतं, आणि त्या जातीचं हेड आता जगात कुठं मिळणार नव्हतं. तपासणारा कागदावर काहीतरी लिहीत होता. मग त्यानं इअरफोन काढला, आणि खरंच दया येऊन म्हणाला, "काका, जुन्या इंजिनाला जपावं लागतं. वेळच्या वेळी मेंटेनन्स करत जा."

आर्सेनियो टोचनासाठी गाडी शोधायला उठला. कागद त्यानं घरी येऊन वाचला. नापास. आणि कारणाच्या रकान्यात, स्वच्छ अक्षरात: देखभालीचा अभाव.

अल्बिनानं वाचला आणि ती रागावली नाही. त्यानंच आर्सेनियोला जास्त लागलं. ती नुसती म्हणाली, "जेवून घे," आणि रताळी पुढे ठेवली. अंगणात टोचन करून आणलेली जीप उभी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तो सवयीनं उठला, फडकं घेऊन बाहेर गेला आणि तसाच परत आला.

शुक्रवार गेला. सातवा नंबर गेला. मागचे सगळे एकेक घर पुढे सरकले, आणि सातव्यावर लारियो आला.

मेमध्ये जीपचालकांच्या संघटनेची वार्षिक सभा होती. दोन डुकरं कापली होती, घरोघरचा मांसाचा वाटा केळीच्या पानांवर मांडला होता. आर्सेनियो यायला तयार नव्हता, पण अल्बिना म्हणाली, "नंबर गेला म्हणून वाटाही सोडायचा?" अध्यक्षांनी भाषण केलं. सरकार म्हणतं आपल्या जीपा धूर ओकतात, आपण दाखवून देऊ, वगैरे. म्हणून यंदापासून नवं बक्षीस: इंजिनाची सर्वोत्तम देखभाल. कुणाच्या मताचा प्रश्न नाही, धुराच्या कागदावरचा आकडा हाच निकाल.

"सर्वांत कमी धूर," अध्यक्षांनी नाव वाचलं, "लारियो पाक्सी!"

मंडपात हास्याचा स्फोट झाला. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांचे कागद तिथूनच आले होते, म्हणून कुणाला बोलायची सोय नव्हती, हसायची होती. लारियोही कान धरून हसत पुढे गेला. अध्यक्ष म्हणाले, बक्षीस आपल्यातल्या सर्वांत जुन्या चालकाच्या हातून द्यायचं, आणि आर्सेनियोला कुणीतरी हात धरून उठवलं.

बक्षीस होतं नव्या इंजिन ऑइलचा सीलबंद डबा. आर्सेनियोनं तो हातात घेतला. माइक कुणीतरी तोंडासमोर धरला.

"लारियो," तो म्हणाला, "तुझ्या इंजिनात ऑइल किती लिटर बसतं?"

लारियोनं डोकं खाजवलं. "मनोंग... जितकं गळतं तितकं!"

असा हशा पिकला, की पानावरची मांसाची वाटणी करणारे सुरी थांबवून हसले. अध्यक्षसुद्धा डोळे पुसत होते. आर्सेनियोला अजून बोलायचं होतं. बेल्ट कुणाचा, कागद कुठला, सगळं. पण त्यानं मंडपावर नजर फिरवली. ही सगळी माणसं कधी ना कधी कुणाच्या तरी वर केलेल्या बॉनेटपाशी थांबलेली. त्यानं डबा लारियोच्या हातात दिला. टाळ्या पडल्या.

सभा पांगताना लारियो त्याच्याजवळ आला. हसू उतरलं होतं. डबा त्यानं आर्सेनियोसमोर धरला. "मनोंग, तूच घे. खरं तर हे तुझंच आहे. मला काय, मी जुनं गाळून ओततो. घे ना."

"कशात ओतू?" आर्सेनियोनं विचारलं.

लारियोनं डबा खाली केला, काखेत मारला आणि तो जीपकडे गेला.

प्रवासी चढले. लारियोनं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि त्या सगळ्या गलक्यात आर्सेनियोला तो आवाज ऐकू आला. खालून, खोलातून, हलकासा ठोका. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. काळ्या ऑइलनं खाल्लेलं. आज सांगितलं तर एका दिवसाचं काम, एक जोडी बेअरिंग. नाही सांगितलं तर महिना, फार तर दीड, आणि मग क्रँकसकट सगळं इंजिन. दुसऱ्या कुणालाही ते ऐकू येणार नव्हतं. लारियोला तर नाहीच.

लारियोनं खिडकीतून डोकं काढलं. मघाचं ओशाळलेपण झटकायला तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "काय मनोंग, कसं वाजतंय? बक्षिसाचं इंजिन आहे बरं का!"

अल्बिना मांसाचा वाटा घेऊन शेजारी उभी होती. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. इंजिन ऐकताना तो मान कशी तिरकी करतो, हे तिला चाळीस वर्षं माहीत होतं.

"छान वाजतंय," आर्सेनियो म्हणाला, आणि जीपला वाट द्यायला बाजूला झाला.